मार्वल ओल्थॉफ आणि चोवीस महिने

आमच्या विद्यापीठात परदेशातून कोणी विद्वान आला, की त्याला कुलगुरू भेटतीलच असं नाही. पण मार्वल ओल्थॉफ भेटल्याशिवाय तो कायद्याने आलेलाच नसतो. विमानातून उतरला, गावात खोली मिळाली, प्राध्यापकाने घरी बोलावून मक्याची कणसं खायला घातली, हे सगळं खरं. पण जुनी डेअरी म्हणतात त्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मार्वलने त्याचा पासपोर्ट दोनदा उलटून पाहिला नाही आणि कॉम्प्युटरात ‘हजर’ अशी खूण केली नाही, तर महिन्याभरात तो माणूस सरकारच्या लेखी हवेत विरून जातो. मग तो प्रयोगशाळेत कितीही बेडूक कापत बसलेला असो.

मी त्याच मजल्यावर पार्किंगचे परवाने देतो. म्हणजे विद्यापीठातला सर्वांत नावडता माणूस मी, आणि सर्वांत आवडती बाई प्लायवूडच्या भिंतीपलीकडे. एकोणीस वर्षं ही भिंत आमच्यात आहे आणि तिच्यातून सगळं ऐकू येतं. जे ऐकू आलं ते ऐकलंच नाही असं दाखवायचं, ही आमच्या आयोवाची रीत. ती मी इतकी वर्षं पाळली. आता लिहितोय ते मार्वलची परवानगी घेऊन. “लिही,” ती म्हणाली, “फक्त मला बारीक करू नकोस, लोक ओळखणार नाहीत.”

मार्वलचं काम एक्स्चेंज व्हिजिटरच्या व्हिशाचं. पाहुण्या संशोधकांना बोलावण्याचे कागद काढायचे, ते आले की नोंद करायची, गेले की फाइल बंद करायची. एकतीस वर्षं ती हे करते आहे. नियमांचं जाडजूड पुस्तक तिच्या टेबलावर असतं, पण ते उघडलेलं मी एकदाच पाहिलं, त्यात तिने नातीच्या शाळेतलं मेपलचं पान दाबून ठेवलं होतं. नियम तिला पाठच आहेत. आणि ते ती सांगते कसे, तर डॉक्टरने रिपोर्ट सांगावा तसे, आवाज खाली आणून, तुमच्या वतीने थोडं दुःख करून. “बायकोला नोकरी करता येईल, पण आधी परवाना. चार महिने लागतील. हो, मला कळतं. घ्या, रुबार्बची वडी घ्या.” त्या वड्या इतक्या आंबट असतात की माणूस नियम विसरतो.

मार्वलचा एक अभिमान होता: तिच्याकडे शिळी फाइल नसते. इतर विद्यापीठांत लोक निघून जातात आणि त्यांची नावं कॉम्प्युटरात वर्षभर लोंबकळतात. मार्वलकडे नाही. माणूस निरोप घ्यायला आला, त्याने जाण्याचा फॉर्म भरला, की त्याच दिवशी चार वाजायच्या आत फाइल बंद. मग ती पेन्सिलीला टोक काढून घरी जायची.

आणि दुसरी गोष्ट, ती कोणाला काही विचारायची नाही. हा दोष तिचा एकटीचा नव्हे, आमच्या अख्ख्या परगण्याचा आहे. इथला शेजारी तुमच्या दारातला बर्फ पहाटे उठून उपसेल, तुम्ही आजारी असाल तर पायरीवर झाकलेलं भांडं ठेवून जाईल. पण ‘काय झालं?’ म्हणून विचारणार नाही. विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या कपाटात हात घालणं.

अशा बाईसमोर डॉक्टर बेगिमाय तोक्तोसुनोवा येऊन बसली, हीच मुळात आपत्ती होती. कारण बेगिमाय किर्गिझस्तानची, आणि तिथल्या पाहुण्याने यजमानाच्या घरी आपलं दुःख उघडायचं नसतं म्हणे. ती अक्रोडाच्या झाडांवर काम करायची. तिच्याकडच्या डोंगरातल्या अक्रोडांना एक रोग लागला होता आणि आमच्याकडच्या काळ्या अक्रोडाला तो लागत नव्हता. म्हणून इथल्या खुंटावर तिथल्या जातीची कलमं बांधून पाहायची. दोन वर्षांचा कागद. पहिल्या हिवाळ्यात तिने काचघरात एकशे चाळीस कलमं बांधली, स्वतःच्या हाताने.

पहिल्याच दिवशी तिने मार्वलला वाळवलेल्या दह्याच्या पांढऱ्या गोळ्यांची पिशवी दिली. मार्वलने एक तोंडात टाकली, कशीबशी गिळली आणि म्हणाली, “वेगळं आहे.” आमच्याकडे याहून कडक शब्द चर्चमध्येसुद्धा वापरत नाहीत. पण बेगिमाय खूश झाली आणि त्या दिवसापासून मार्वलला ‘एजे’ म्हणू लागली, म्हणजे ताई. मार्वल मात्र तिला ‘डॉक्टर’च म्हणत राहिली.

मार्चच्या वीस तारखेला बेगिमाय निरोप घ्यायला आली. हे मी भिंतीपलीकडून ऐकलं.

“एजे, मी उद्या जाते आहे.”

“बरं, डॉक्टर. हा फॉर्म. इथे तारीख, इथे सही, इथे कारण.”

कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नाही. मग पुन्हा.

“झालं.”

“‘काम पूर्ण’,” मार्वलने वाचलं. “छान. प्रवास नीट होवो. रस्त्यावर अजून काळा बर्फ आहे, दिसत नाही आणि गाडी घसरते, टॅक्सीवाल्याला सांगा हळू चालव.”

“सांगते. तुम्ही फार चांगल्या आहात, एजे.”

आता अर्धवट शहाण्यालाही कळेल की दोन वर्षांचं काम सात महिन्यांत पूर्ण होत नाही. कलमांना अजून पानं फुटली नव्हती. मार्वलला ते दिसलं नाही असं नाही. पण सही केलेल्या कागदावर ‘खरंच का हो?’ असं विचारणं तिला जमणारं नव्हतं. चार वाजायला वीस मिनिटं असताना तिने फाइल बंद केली. कारण: काम यशस्वीपणे पूर्ण.

मे महिन्याच्या दुसऱ्या तारखेला बिश्केकहून बेगिमायची ईमेल आली. आईचं ऑपरेशन झालं, आता धाकटी बहीण ओशहून येऊन राहिली आहे, मी चौदाला परत येते, तिकीट काढलं आहे, पासपोर्टात व्हिसा अजून वर्षभर चालू आहे, काचघरात कलमांना पाणी घालायला सांगा.

त्या दिवशी भिंतीपलीकडे इतकी शांतता होती की मी उठून पाहायला गेलो. मार्वल पडद्याकडे बघत बसली होती.

“पासपोर्टातला व्हिसा चालू असून काय करायचंय,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “फाइल बंद म्हणजे व्हिसा मेला. आणि संशोधक म्हणून एकदा फाइल बंद झाली, की चोवीस महिने पुन्हा संशोधक म्हणून येता येत नाही. ती आईला बघायला जातेय एवढं मला कळलं असतं, तर मी फाइल उघडीच ठेवली असती. त्याला रस्ता होता. सरळ, कायदेशीर रस्ता होता.”

“तिने लिहिलं काम पूर्ण.”

“हो. आणि मी वाचलं.”

चोवीस महिने कलमं कोण सांभाळणार होतं? काचघराची जागा वर्षाच्या बोलीवर मिळते. बेगिमाय वर्षात आली नाही, तर रोपं फेकली जाणार आणि तिच्या डोंगरातला रोग आपल्या गतीने पुढे जाणार, एवढा साधा हिशेब होता.

मार्वलचे साहेब प्रेस्टन क्विग. वयाने तिच्या मुलाएवढे, स्वभावाने सज्जन, टाय मात्र नेहमी सशासारखा घाबरलेला. ते म्हणाले, “मार्वल, वॉशिंग्टनला लिहू, कॉम्प्युटरात चुकून बंद झाली. असं होतं की.”

“कॉम्प्युटर नीट चालला, साहेब. मी कळ दाबली, त्याने ऐकलं.”

“कोण तपासणार आहे?”

“मी.”

साहेबांनी टाय चाचपला आणि आपल्या खोलीकडे वळले.

मार्वलने खरं ते लिहिलं: बाई आजारी आईकडे चालली होती, मी विचारलं नाही, चूक माझी, फाइल पुन्हा उघडावी. पाच आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. फाइल संशोधिकेच्या सहीच्या फॉर्मप्रमाणे बंद झालेली असल्याने ती उघडता येत नाही. त्यांचंही बरोबरच होतं. त्यांच्यासमोर कागद होता आणि कागदावर ‘काम पूर्ण’ होतं.

दुसरी एकच वाट उरली. थोड्या मुदतीचा पाहुणा म्हणून येता येतं, त्याला तो चोवीस महिन्यांचा अडसर नाही. पण सहा महिने, एक दिवसही जास्त नाही, आणि मुदतवाढ नाही. शिवाय नवा व्हिसा, नवी मुलाखत. मुलाखतीत पहिला प्रश्न ठरलेला: मार्चमध्ये काम पूर्ण झालं म्हणता, मग आता त्याच कामाला कशाला चाललात? त्याला उत्तर म्हणून विद्यापीठाचं पत्र सोबत हवं, आणि पत्रात खरं कारण हवं. म्हणजे मार्वलला फोन करून ते विचारणं भाग होतं.

एकतीस वर्षांत तिने हे केलं नव्हतं. तिने सकाळी तीनदा फोन उचलला आणि ठेवला. दरम्यान टेबल पुसलं, स्टेपलर भरला, माझ्याकडे येऊन दुसऱ्या मजल्यावरच्या नळाबद्दल सविस्तर बोलली. शेवटी भिंतीपलीकडून आवाज आला.

“डॉक्टर, मी मार्वल. कागदाचं नंतर. आधी मला सांगा, आई कशी आहे?”

पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. पण मार्वल बराच वेळ नुसती “हं” म्हणत होती, आणि एकेक हं आधीच्यापेक्षा खाली उतरत होता.

“कधी गेल्या?” तिने विचारलं. “गेल्या सोमवारी. आणि तू काल मला ईमेल केलीस ती फक्त रोपांच्या पाण्याची.”

डॉक्टरची ‘तू’ कधी झाली, ते तिलाही कळलं नसावं.

“नाही, माफी कसली मागतेस. ऐक. माझा नवरा लीलंड आजारी होता तेव्हा मी दर गुरुवारी दुपारी सुट्टी घ्यायचे. कॅलेंडरवर नुसतं लिहायचे, ‘अपॉइंटमेंट’. अकरा महिने. भिंतीपलीकडे बसणाऱ्या माणसालाही मी सांगितलं नाही. सगळ्यांना वाटलं दाताचं काम काढलंय.”

भिंतीपलीकडे बसणाऱ्या माणसाला खरंच तसं वाटलं होतं. चौथ्या महिन्यात मी तिला माझ्या दंतवैद्याचं कार्डही दिलं होतं आणि तिने आभार मानून ते पर्समध्ये ठेवलं होतं. लीलंड गेल्याचं आम्ही पेपरात वाचलं. मग आम्ही सगळ्यांनी झाकलेली भांडी नेऊन ठेवली आणि कोणी काही विचारलं नाही.

“आता मला पत्र लिहायचंय,” मार्वल म्हणत होती, “आणि त्यात तुझ्या आईचं नाव घालावं लागेल. चालेल तुला? ... नीट सांग, मी अक्षर अक्षर लिहून घेते.”

पत्र एकाच पानाचं झालं. साहेबांनी वाचून एवढंच म्हटलं की सरकारी पत्रात इतकं खासगी लिहीत नाहीत. मार्वल म्हणाली, “म्हणूनच तर इथवर आलो,” आणि त्यांच्यापुढे पेन ठेवलं. मुलाखत जुलैच्या शेवटी झाली. प्रश्न ठरलेला तोच आला. बेगिमायने पत्र पुढे केलं. मुलाखत घेणाऱ्याने ते वाचलं, तिच्याकडे पाहिलं, आणखी दोन प्रश्न विचारले आणि व्हिसा दिला.

ऑगस्टच्या बाराला ती जुन्या डेअरीत हजर झाली. केस कापलेले, चेहरा उतरलेला. एकशे चाळीसपैकी त्र्याऐंशी कलमं जिवंत होती. वसंतातली पहिली पानं कोणीच मोजली नव्हती, आणि ते आकडे आता कुठूनही मिळणार नव्हते. रोगाची खरी परीक्षा दुसऱ्या वर्षीच्या पालवीवर व्हायची असते. फेब्रुवारीत तिची मुदत संपणार होती, म्हणजे ती पालवी दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांनी पाहायची. एका बाईने न विचारल्याचं आणि दुसरीने न सांगितल्याचं एवढं नुकसान झालं होतं, आणि ते भरून निघणारं नव्हतं.

मार्वलने पासपोर्ट दोनदा उलटून पाहिला. ‘हजर’ची खूण केली. मग हात मांडीवर ठेवून म्हणाली, “मार्चमध्ये मी विचारायला हवं होतं.”

बेगिमायने पासपोर्ट पर्समध्ये ठेवला. “एजे, खरं सांगू? विचारलं असतंत ना, तरी मी ‘सगळं ठीक आहे’ असंच सांगितलं असतं.”

“ठाऊक आहे मला.”

“मग?”

“मग मी दुसऱ्यांदा विचारलं असतं,” मार्वल म्हणाली. “चल, काचघर पाच वाजता बंद होतं. मीही येते. पानं मोजायची कशी ते दाखव मला, फेब्रुवारीनंतर कोणीतरी मोजायला हवीत.”

दोघी जिना उतरून गेल्या. साडेतीन वाजले होते, टेबलावर तीन फाइली उघड्या होत्या, आणि त्या दिवशी त्या तशाच राहिल्या.