एली दुपुईंचं नाक

फ्रान्समधल्या मेदोक भागातल्या आमच्या जुन्या शातोची, म्हणजे द्राक्षमळ्याच्या वाड्याची, लाल वाइन बाटलीत कधी भरायची, ते एली दुपुई ठरवायचे. तळघराचे ते प्रमुख, मी त्यांच्या हाताखालची. बायको नोएमी वारल्यापासून ते तळघरावरच्या खोल्यांत एकटेच राहत. रविवारीसुद्धा खाली येऊन पिंपांमधून फिरायचे.

"घरी करमत नाही का हो?" मी चिडवायचे.

"इथं निदान कुणीतरी श्वास घेतंय," ते म्हणायचे.

एका हिवाळ्यात त्यांना मोठा ताप आला. बरे होऊन खाली आले, तेव्हापासून ग्लास आधी माझ्याच हातात द्यायला लागले. "तू सांग, मायते." मला वाटलं, शिकवतायत. मी फुशारून गेले.

वसंतात मालकीणबाई चव घ्यायला आल्या. एलींनी एका पिंपातली वाइन पुढे केली. मी ग्लास नाकाशी नेला आणि दचकले. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास. पिंपातली वाइन उडून कमी होते; ती भर घालायला एलींनी मला न विचारता त्याच पिंपातून शेजारची पिंपं वरपर्यंत भरली होती.

"एली, हे बिघडलंय..."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "मादाम, तापानंतर मला कसलाच वास येत नाही. सांगायचा धीर झाला नाही."

ती सगळी पिंपं ओतून द्यावी लागली. तरी बाई म्हणाल्या, "राहा इथंच. माणसांवर देखरेख ठेवा."

"नको, मादाम. उगाच मध्ये मध्ये लुडबुडत बसेन." त्यांनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या.

ते पॉयाक गावात नदीजवळ खोली घेऊन राहिले. मी अधूनमधून बाटली घेऊन जायचे. सवयीनं ग्लास फिरवून ते नाकाजवळ न्यायचे आणि मध्येच थांबायचे.

"आंबट आहे, तुरट आहे. एवढंच कळतं."

"मग पिता कशाला?"

"तू आणतेस म्हणून."

एकदा त्यांनी कपाटातून निळा रुमाल काढला. नोएमीचा, डोक्याला बांधायचा.

"वाइनचं जाऊ दे गं. हा रोज हुंगायचो मी. बघ, तिचा वास आहे का अजून."

मी हुंगला. नुसता कपाटाचा वास. ते माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते.

"आहे," मी म्हटलं.

"कसला?"

"साबणाचा... आणि थोडा लव्हेंडरचा."

त्यांनी रुमालाची सावकाश घडी घातली.

"लव्हेंडर तिला अजिबात खपायचं नाही," ते म्हणाले, आणि माझा ग्लास भरला.