रोवन फुललाय, असं तोर्गैर म्हणाला

आमच्या फियोर्डच्या, डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, काठावर सफरचंदांना औषध कधी मारायचं, हे बरीच वर्षं तोर्गैर ठरवत असे. त्याला कुणी नेमलं नव्हतं. त्याच्या ट्रॅक्टरचा आवाज खालच्या वळणावरून ऐकू आला की बाकीचे आपापल्या टाक्या भरायला लागत, एवढंच. वसंतात कळ्या गुलाबी होण्याआधी तो फांदी न् फांदी निरखत हिंडायचा. फुलं उमलली की मधमाश्यांसाठी फवारा बंद. पाकळ्या गळाल्या की पुन्हा बागेत. लवकर मारलं तर औषध वाया जातं, उशीर झाला तर अळी फळात शिरून बसते. मधले नेमके दिवस तोर्गैरला सापडायचे. त्याचा त्याला अभिमान होता आणि तो लपवावा असं त्याला कधी वाटलं नाही.

अवघड प्रश्न यायचा तो जूनमध्ये: आणखी एकदा मारायचं की नाही? वरच्या रानात रोवनची झाडं आहेत. एक बारीक पतंग त्यांच्या फळांत अंडी घालतो. रोवन फुलला तर पतंग वरच राहतो. ज्या वर्षी फुलत नाही, त्या वर्षी तो अंडी घालायला खाली आमच्या बागांत उतरतो, आणि त्याच्या अळ्या सफरचंद आतून असं पोखरतात की ते रसालाही घेत नाहीत.

त्या जूनमध्ये पॅकिंगच्या शेडमध्ये आम्ही जमलो होतो. कॉफी, वॉफल, तपकिरी चीज, नेहमीच्या गप्पा. योरुन उभी राहिली. ती बर्गन शहरात एका दवाखान्यात काम करायची. मावशीची बाग तिच्याकडे आली म्हणून इथे राहायला आलेली.

"मी वर जाऊन आले," ती म्हणाली. "रोवनला फूलच नाहीये. फळबाग सल्लागारांचाही निरोप आहे, या वर्षी फवारणी करा म्हणून."

तोर्गैर खुर्चीतून हललाही नाही. "अगं, बर्गनमध्ये तू रोवन पाहिलास कुठे? कुंडीत?"

सगळे खो खो हसले.

"मी परवाच अंगणातून पाहिलं. वरचा अख्खा उतार पांढरा झालाय. रोवन फुललाय. उगाच विष कशाला ओतायचं?"

योरुनकडे स्वतःचं फवारणी यंत्र नव्हतं. तिच्या बागेत तोर्गैरच मारून द्यायचा. ती त्याच्या मागे दारापर्यंत गेली, "निदान माझ्या झाडांवर तरी मार," म्हणाली. "पुढच्या वर्षी शिकशील," असं म्हणत त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं. त्याचा ट्रॅक्टर निघाला नाही, म्हणून कुणाचाच निघाला नाही. वर चढून बघण्याचे कष्ट आमच्यापैकी कुणी घेतले नाहीत.

सप्टेंबरात पहिल्या पेट्या शेडमध्ये आल्या. बाहेरून फळ बरं दिसत होतं, कुठे कुठे टाचणीने टोचल्यासारखा ठिपका. योरुनने एक सफरचंद मधोमध कापलं आणि तशीच थिजली. मग दुसरं कापलं, तिसरं कापलं. शेवटी एक अर्धी फोड घेऊन ती सरळ तोर्गैरसमोर गेली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"सांग, काय झालंय याला?"

त्याने फोड जवळ धरली, खिडकीच्या उजेडाकडे वळवली, पुन्हा जवळ आणली. "काय झालंय? चांगलं आहे की," तो म्हणाला.

फळं निवडायच्या सरकत्या पट्ट्याची घरघर कुणीतरी बंद केली. फोड आरपार पोखरलेली होती, तपकिरी बोगद्यांची नुसती जाळी. शेडच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या मलाही ती दिसत होती.

"तुला दिसत नाहीये," योरुन हळूच म्हणाली. दवाखान्यात अशी माणसं तिने पुष्कळ पाहिली असणार.

तोर्गैरचा चेहरा लालबुंद झाला. फोड कुठे ठेवावी हे त्याला कळेना. ती खिशात टाकून तो बाहेर पडला. जाताना दाराच्या चौकटीला त्याचा खांदा आपटला, आणि कुणी हसलं नाही. हसलो असतो तर त्याला बरं वाटलं असतं, असं त्याची बायको गुनवोर मला नंतर म्हणाली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गुनवोरला ते माहीत होतं. तो कॉफी ओतायचा तेव्हा कपाच्या कडेला बोट लावून ठेवायचा. डॉक्टरांनी बोलावलं की कधी छाटणी, कधी गवत कापणं, काहीतरी आडवं यायचंच. पान उलटून अळी ओळखणारा माणूस आपल्याला पानच दिसत नाही हे कुणाला सांगणार? वरचा उतार पांढरा होता हे खरं होतं, पण ती हेगची, म्हणजे रानटी चेरीची झाडं होती; त्यांची फुलंही पांढरीच. वर वसंत उशिरा पोचतो, त्यामुळे ती तेव्हा फुलात होती. अंगणातून त्याला नुसता पांढरा रंग दिसला, आणि त्याला जे हवं होतं ते त्याने त्यात पाहिलं.

त्यानंतर तो घराबाहेर पडेना. दुकानात गुनवोर जायची, चर्चमध्ये ती एकटीच बसायची. बागेत पोखरलेली सफरचंदं गळून सडत होती. ती उचलायलासुद्धा तो रस्त्यावर कुणी नाही असं बघूनच निघे.

शेवटी एका दुपारी तो योरुनच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला, टोपी हातात. "माझं चुकलं," तो म्हणाला. "मला तेव्हाही दिसत नव्हतं. माहीत असून मी बोललो."

योरुन भांडी विसळत होती. ती वळली नाही. "इथे माझ्या मोरीपाशी सांगून काय उपयोग? तू मला हसलास ते सगळ्यांसमोर."

"ते मला जमायचं नाही."

"मग कशाला आलास?"

तो तसाच परत गेला. पण पुढच्या वेळी शेडमध्ये सगळे होते तेव्हा तोही आला आणि कुणी विचारायच्या आत बोलू लागला. आवाज इतका बारीक की मागच्यांना पुढे सरकावं लागलं. "रोवन फुललाय असं मी म्हणालो. मला दिसत नव्हतं. योरुन वर जाऊन बघून आली होती, ती खरं सांगत होती, आणि मी तिची टिंगल केली. तुमची फळं माझ्यामुळे गेली." एकाने घसा खाकरून म्हटलं, "जाऊ दे रे, तोर्गैर." त्या प्रेमळ आवाजाने त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हिवाळ्यात त्याच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर तो पहिल्यांदा बागेत गेला आणि एका झाडाखाली उभाच राहिला. गेली काही वर्षं त्याने छाटणी अंदाजाने केली होती. नको तिथे कापलेलं, खुंट सोडलेले, आजारी फांद्या तशाच. त्याची बाग रस्त्यालगत आहे. आम्ही सगळे रोज तिथूनच जातो. हे सगळ्यांना दिसत होतं आणि एकाही माणसाने ते त्याला सांगितलं नव्हतं.

"तुला दिसत होतं?" त्याने गुनवोरला विचारलं.

"मला काय, अख्ख्या गावाला दिसत होतं," ती म्हणाली आणि त्याचा हात धरून त्याला आत घेऊन आली.

पुढच्या जूनमध्ये लोक सवयीने पुन्हा त्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहू लागले. तो सुरू झाला नाही. तोर्गैर स्वतः रानात चढला, रोवनची झाडं एकेक करून पाहिली. त्या वर्षीही फूल फारच तुरळक होतं. खाली आल्यावर तो थेट योरुनच्या कुंपणाशी गेला.

"तुझं काय म्हणणं?"

"पतंग उडायला लागलेत. उद्या सकाळी, वारा पडला की," ती म्हणाली.

"पहिल्यांदा तुझी बाग करतो."

तिने मान डोलावली. घरात ये, कॉफी घे, असं काही ती म्हणाली नाही, आणि त्यानेही वाट पाहिली नाही. घरी जाऊन त्याने टाकी धुवायला घेतली.