काकूंच्या पदाला वन्स मोर

संगीत नाटकाला आमच्या काकांइतका धोकादायक रसिक अख्ख्या भोपाळात दुसरा सापडायचा नाही. काका म्हणजे माझे चुलत सासरे. बरखेड्याच्या कारखान्यात मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवण्यात जन्म गेला, त्यामुळे त्यांनी थिएटरात दिलेला ‘वन्स मोर’ पार शहराबाहेर मंडीदीपपर्यंत ऐकू जात असावा. आणि वन्स मोर आला की पद पुन्हा म्हणायचं, हा तर संगीत नाटकाचा धर्मच! एकदा नायिका रडत रडत सासरी निघाली. काकांनी तिला विंगेतून दोनदा परत बोलावलं. तिसऱ्यांदा निरोपाचं पद म्हणायला आली तेव्हा ती गाठोडं आतच ठेवून आली होती. शेजारच्या खुर्चीतले, चार इमली या बड्या अफसरांच्या वस्तीतले एक साहेब वैतागले, "भाईसाब, आपको एक बार में समझ में नहीं आता क्या?" काका शांतपणे म्हणाले, "समझ में तो आ गया साब, पेट नहीं भरा." बरं, हे नाटकापुरतं असतं तरी चाललं असतं. भाचीच्या लग्नात त्यांनी मंगलाष्टकांना वन्स मोर दिला. गुरुजींनाही चेव चढला, आणि हार उचलून ताटकळलेल्या नवरदेवाचे हात लटपटायला लागले.

अशा माणसाची बायको सुरेल गळ्याची असावी आणि तिने उभ्या जन्मात स्टेजवर पाऊल ठेवू नये, याला काय म्हणावं! आधी संसार, मग सासू-सासऱ्यांची आजारपणं, मग स्वतःचा दमा. यंदा मराठी मंडळाच्या नाटकात सत्तरीच्या काकूंना राजमातेचं काम मिळालं. पद एकच, पण तालमीत ते एकदा म्हटलं की दहा मिनिटं दम्याचा पंप घेऊन बसायच्या. मला तर घामच फुटला. प्रयोगाच्या दिवशी काकांना गाठून मी शपथच घातली, "आज वन्स मोर द्यायचा नाही. पद पुन्हा म्हणायला लागलं तर काकूंना झेपणार नाही." काका कसनुसं हसले. म्हणाले, "बरं जावईबापू. फक्त तिला सांगू नका. दम्याचं नाव काढलं की चिडते."

काकू काय गायल्या म्हणून सांगू! टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. टाळ्या थांबल्या तरी काकू आपल्या उभ्याच, तिसऱ्या रांगेकडे बघत. पेटीवाल्याचीही बोटं तयार. तिसऱ्या रांगेत काकांनी रुमालाचा बोळा तोंडात कोंबला होता आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. शेवटी प्रधानजींनी पुढचं वाक्य घेतलं.

पडदा पडल्यावर आम्ही दोघं मेकअपरूममध्ये गेलो. काकू आरशासमोर बसून होत्या. "भलत्यासलत्या बेसुरांना वन्स मोर देता," त्या काकांना म्हणाल्या, "माझंच एवढं वाईट झालं का हो?" काका मान खाली घालून उभे; दम्याचं नाव कोण काढणार! मला राहवेना. मी सगळं कबूल केलं. तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं, अजूनही आठवलं की होतं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "दम माझा आहे ना? कुठे घालवायचा ते मी ठरवीन," असं म्हणून त्यांनी तिथेच, मुकुटासकट, पद सुरू केलं. काका समोरच्या पेटाऱ्यावर बसून मांडीवर ताल धरू लागले. अंतऱ्यावर काकूंना धाप लागली. काकांनी खिशातून पंप काढून त्यांच्या हातात दिला आणि हळूच म्हणाले, "राहू दे आता. उरलेलं उद्या म्हण."