साडूचं बेट आणि माझी बादली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा. राहू गावाजवळचं साडूचं बेट मी बुडवलं. एका बादलीनं.

जुन्या वीटभट्टीच्या खड्ड्यात पाणी साठलं होतं आणि मधोमध मातीचा उंचवटा उरला होता. दुसऱ्या कुणाला तिथं डास दिसले असते, साडूला गोवा दिसला. त्यानं उसाच्या पाचटाच्या चार झोपड्या बांधल्या, मांडववाल्याकडून प्लास्टिकचे माड आणले. समुद्राची वाळू कुठली मिळायला, बांधकामाची, दगडाच्या चुऱ्याची क्रश सँड टाकली. पाहुणे लोळून उठले की नुकताच गिलावा केलेल्या भिंतीसारखे दिसायचे. स्पीकरवर लाटांचा आवाज लावलेला असायचा, पण बेडकांपुढं तो कुणाला ऐकू यायचा नाही. तरी पुण्याहून गाड्या यायच्या, पॅडलबोटींना रांग लागायची.

मी सणसवाडीला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. रविवारी केडगावच्या चर्चमधली उपासना आटोपली की बेटावर मदतीला जायचो. एकदा साडू म्हणाला, "साडूभाऊ, समदं हाय, पण फुलं न्हाईत." नदीच्या कडेला जलपर्णी जांभळी फुलली होती. मी बादलीभर आणली आणि कुणी बघत नाही असं बघून पाण्यात सोडली. सरप्राइज द्यायचं होतं.

दोन महिन्यांत पाणी दिसेनासं झालं. एक नवं जोडपं बोटीसकट मधेच रुतलं, ट्रॅक्टरला दोर बांधून ओढावं लागलं. काठाला लागल्यावर नवरी म्हणाली, "बेट म्हणाला होतास. हे तर तुझ्या मामाचं घासाचं रान आहे!"

त्याच आठवड्यात शेजारच्या आप्पांची म्हैस हिरवळ बघून पाण्यात उतरली, पोहत बेटावर गेली आणि एका झोपडीचं निम्मं छप्पर खाऊन बसली. आत पाहुणे दुपारची झोप काढत होते.

साडू तडक आप्पांच्या बांधावर गेला, मागं मी.

"आप्पा, म्हशीला वैरण पायजे म्हून तुम्हीच लावली ही पर्णी!"

"आरं, माझी म्हैस त्याला तोंड लावत न्हाई. छप्पर खाल्लं तिनं, पाला न्हाई!"

"साडूभाऊ, तुम्ही सांगा."

मी म्हणालो, "आप्पाच असतील. बादली घेऊन जाताना बघितलंय मी."

बादलीचं कुणी विचारलंही नव्हतं.

आप्पा माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही प्रार्थनेची माणसं. खोटं कशाला बोलताल? मागं कवातरी म्हैस उतरली आसंल, तिच्या पायाला चिकटून आली आसंल." दुसऱ्या दिवशी ते विळा घेऊन छातीभर पाण्यात उतरले. आठ दिवस पर्णी काढत होते. मी काठावरून त्यांना चहा दिला.

पर्णी हटली नाही. बेट बंद पडलं. पुन्हा कुणाचं नुकसान नको म्हणून आप्पांनी म्हैस विकली, आणि पारावर पोरं अजून त्यांना 'बेटबुडवे आप्पा' म्हणतात. ते हसतात, वाद घालत नाहीत.

उपासनेत दर रविवारी सगळ्यांबरोबर मीही पापांची कबुली म्हणतो. तिच्यात तपशील द्यावा लागत नाही, म्हणून ती जमते.

पारावर, चार माणसांत, आप्पांच्या समोर उभं राहून 'पर्णी मी टाकली आणि खोटंही मीच बोललो' एवढं सांगणं माझ्याकडून बाकी आहे.