कंपाउंडरचा पास

माझ्या धाकट्या भावाला सगळे ‘तोफ’ म्हणतात. नाव कुणी ठेवलं? त्यानंच. एका मोसमात एकोणीस गोल मारले, तेव्हापासून हॉकी हा खेळ आपल्यामुळेच चाललाय असं त्याचं प्रामाणिक मत. बरोबरचे दोघे, म्हणजे डावीकडचा कंपाउंडर आणि उजवीकडचा चित्रकलेचा मास्तर, हे मैदान रिकामं दिसू नये म्हणून उभे केलेले!

मी शिवणकाम करते. दर रविवारी मशीन बंद ठेवून कुंपणाशी उभी राहते, म्हणून मला ठाऊक आहे. कंपाउंडर मान वर करून बघतच नाही. खांदा जरासा पाडतो आणि बॉल भलत्याच रिकाम्या जागी ढकलतो. खांदा हलला की आमची तोफ तिकडे सुटते. तोवर मास्तरानं पलीकडे आरडाओरडा करून दोन बचाववाले आपल्यामागे नेलेले असतात. उरतो फक्त गोल. तो मीसुद्धा मारला असता, चपला घालून.

एका मोठ्या कारखान्याच्या टीमनं त्याला चाचणीला बोलावलं. निवड झाली तर कायमची नोकरी. आईबाबा गेल्यापासून या एका गोष्टीसाठी मी देव पाण्यात घालून बसले होते. पत्रात लिहिलं होतं, नेहमीचे दोन साथीदार आणले तरी चालतील.

“कशाला? माझंच नाव झाकलं जाईल ना, ताई,” आमचे राजे म्हणाले.

गेले त्या दोघांना न घेताच, सोबत फक्त मी. तिथली माणसं सरळसाधी, हा उभा दिसेल तिथे पास देणारी. पण कुणाचा खांदा हलला रे हलला की हा सवयीनं रिकाम्या जागेकडे धूम ठोकायचा. बॉल इथे, बंधुराज तिथे. अर्धा तास हाच तमाशा. शेवटी त्यांचे म्हातारे प्रशिक्षक म्हणाले, “अरे, बस चुकल्यासारखा पळतोस कुठे?”

मला राहवलं नाही. मी जाऊन हात जोडले. “रविवारी एकदा याचा सामना बघा हो!”

घरी त्याला चांगलं फैलावर घेतलं. “जा, त्या दोघांना सांग काय झालं ते. एरवी तोंड मिटत नाही तुझं!” गेला बिचारा दवाखान्यात. कंपाउंडर कुणाला तरी बँडेज बांधत होता. ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, “ये रविवारी. मास्तरला मी सांगतो.”

रविवारी तोफेनं तीन गोल मारले. प्रशिक्षक खूश. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “जागा तुझी. फक्त एक सांग, आमच्याकडे हा कंपाउंडर नसणार. जमेल?”

हो म्हण, मेल्या! मी मनातल्या मनात ओरडले.

त्यानं नळाखाली तोंड धुणाऱ्या कंपाउंडरकडे पाहिलं. “नाही जमणार. गोल तो बनवतो, मी नुसती स्टिक लावतो. त्याला घ्या.”

आणि घेतलं की त्यांनी! एक तारखेपासून कंपाउंडर कामावर रुजू होतोय.

जन्मभर फुशारक्या मारल्या, आणि खरं बोलायला कार्ट्याला नेमका तोच दिवस सापडला. घरी येईपर्यंत मी मुद्दाम त्याच्या चार पावलं मागे चालले. जिन्यात मात्र माझाच हात त्याच्या पाठीवर गेला, आणि तो ढसाढसा रडायला लागला.