चहा होईपर्यंत एवढी डबी भरा

अक्का गेल्या त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात गेले, तेव्हा त्यांचं नर्सशी भांडण चाललं होतं. भांडण म्हणजे आवाज चढवून नव्हे, तो त्यांचा कधी चढलाच नाही. बोटाला लावतात ना तो चिमटा, ऑक्सिजन दाखवणारा, तो त्यांच्या वाळक्या बोटावरून सारखा घसरत होता आणि अक्का दुसऱ्या हातानं तो काढून, उघडमीट करून आतली स्प्रिंग बघत होत्या. "अज्जी, कै अल्लाडसब्याड्री," हात हलवू नका हो, म्हणून नर्स बिचारी विनवत होती. मला पाहिल्यावर अक्का म्हणाल्या, "सुधा, ही स्प्रिंग ज्यानं निवडली ना, त्याला एकदा माझ्याकडे पाठव." दुसऱ्या दिवशी पहाटे फोन आला... रडू तर आलंच. पण खोटं कशाला सांगू, फोन ठेवल्यावर मनात पहिला विचार आला तो असा, की आता त्या स्प्रिंगवाल्याला झापणार कोण?

विमलअक्का माझी थोरली नणंद. मी लग्न होऊन धारवाडच्या मळमड्डीतल्या या घरात आले तेव्हा आईनं मला बजावून पाठवलं होतं, की बिनलग्नाची नणंद घरात आहे, तोंड सांभाळून राहा. तोंड सांभाळणं मला जमण्यातलं नाही. पण इथं त्याची गरजच पडली नाही, कारण माझ्या आमटीत, पोळीत, माहेरात अक्कांना काडीचा रस नव्हता. त्यांना रस होता माझ्या रुखवतातल्या प्लास्टिकच्या डब्यांत. पहिल्याच सकाळी त्यांनी ते सगळे ओट्यावर मांडले, प्रत्येकाचं झाकण लावून काढून पाहिलं आणि त्यातले दोन बाजूला काढून म्हणाल्या, "यात पापड ठेवू नकोस, सादळतील." पावसाळ्यात त्याच दोन डब्यांतले पापड सादळले. मी तेव्हाच कानाला खडा लावला.

मुली बी.ए. करून स्थळांची वाट बघायच्या त्या काळात अक्कांनी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता आणि हुबळीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्या प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे आखत. बादल्या, डबे, विजेच्या बटणांच्या पेट्या. रोज सकाळी डबा घेऊन हुबळीची बस आणि संध्याकाळी परत. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "बघायला आलेल्यांपैकी एकालाही अर्धा मिलिमीटर म्हणजे किती ते सांगता आलं नाही." हे त्या खरंच विचारायच्या, हे आमच्या यजमानांनी मला शपथेवर सांगितलं आहे.

त्यांच्या निवृत्तीला दोनेक वर्षं राहिली असताना कारखान्याचे मालक हिरेमठसाहेब एक वेगळंच काम घेऊन आले. बंदुकीच्या पोटाखाली काढता-घालता येणारी एक पेटी असते, मॅगझिन म्हणतात तिला. गोळ्या तिच्यात भरलेल्या असतात आणि तळाशी असलेली स्प्रिंग त्यांना एकेक करून वर ढकलते. ती पेटी पूर्वापार पत्र्याची. पत्रा चेपतो, गंजतो, जडही होतो. ती प्लास्टिकची करायची, सरकारी चाचणीला पाठवायची, आणि पसंत पडली तर ती थेट जवानांच्या हातात जाणार. त्या रात्री अक्का जेवल्या नाहीत. आनंदानं भूक मरते ती मी त्यांच्यातच पाहिली. "आयुष्यभर डब्यांची झाकणं केली गं," त्या मला म्हणाल्या, "झाकण बिघडलं तर पापड सादळतात. हे बिघडलं तर..." त्या दिवसापासून या बाईला आयुष्यात दुसरं काही नको होतं. आपली पेटी जवानाच्या हातात जावी आणि ऐन वेळी अडकू नये, एवढंच.

मग रीतसर परवानगी काढून तिचे नमुने आमच्या घरात आले, आणि सोबत पिशवीभर पितळी गोळ्या. पोकळ, बिनदारूच्या, तरी गोळ्याच त्या. मी कपाळाला हात लावला. मास्तरांचं घर आमचं, देवघराच्या शेजारी बंदुकीचं सामान! अक्का शांतपणे म्हणाल्या, "अगं, डबीच आहे ही. फक्त हिचं झाकण उघडं असतं." तेव्हापासून आमच्या घरी तिला डबी हेच नाव पडलं. आणि त्याच आठवड्यापासून आमच्या घरी येणाऱ्या माणसावर नवीन संकट सुरू झालं. पाहुणा टेकला, मी आत चहाला गेले, की अक्का त्याच्या हातात डबी आणि वाटीभर गोळ्या देत. "चहा होईपर्यंत एवढी डबी भरा." पोस्टमन, यजमानांचे विद्यार्थी, गॅसवाला, स्थळ घेऊन आलेल्या मावशी, कुणाची सुटका नाही. त्यांचं म्हणणं असं, की कारखान्यातली माणसं ती डबी नीटच भरतात, त्यांना ती कशी भरायची ते ठाऊक आहे. त्यांना बघायचे होते न ठाऊक असलेले हात. घामट, थरथरणारे, घाईतले, दुसरीकडे लक्ष असलेले. जोशीवकील तर म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडचा चहा आता महाग पडतो हो," आणि तरीही दर रविवारी येत राहिले.

डबी हळूहळू शहाणी होत गेली. तोंडाशी गोळीला धरून ठेवणाऱ्या दोन कडांना अक्का ओठ म्हणायच्या. ते ओठ त्यांनी किती वेळा बदलले त्याला गणती नाही. कारखान्यात त्यांनी डबीवर वाळू ओतली, चिखल ओतला, ती उन्हात ठेवली, बर्फात ठेवली. सगळं पार पडलं. हिरेमठसाहेबांनी चाचणीसाठी नमुने बांधायला घेतले. त्याच सुमारास संक्रांत आली आणि आमच्याकडचं हळदीकुंकू.

आमच्या धारवाडकडे तिळगुळासोबत एळ्ळू-बेल्ला, म्हणजे तीळ, गूळ, खोबऱ्याचं मिश्रण, आणि कुसरेळ्ळू वाटतात. कुसरेळ्ळू म्हणजे तिळावर साखरेचा पाक चढवून केलेला काटेरी हलवा. बायका ते खाऊन, हळदीकुंकवाची बोटं घेऊन बसल्या होत्या, आणि मी सक्त ताकीद दिलेली असतानाही अक्कांनी डब्या बाहेर आणल्याच. पण बायकांनी काय मजा केली म्हणता! बांगड्या मागं सारून, पदर खोचून शर्यत लागली. पलीकडच्या घरातल्या सरलानं तर उखाणाच घेतला –

"गोळ्या भरता भरता बोटाला आला फोड,
माधवरावांचं नाव घेते, चहा कर गं गोड."

हसून हसून आमची पुरेवाट झाली. आणि त्या हसण्यातच अक्कांनी सरलाची डबी घेतली, अंगठ्यानं एकेक गोळी बाहेर सारू लागल्या... चार-पाच आल्या आणि पुढची येईना. आत स्प्रिंगच्या डोक्यावर एक छोटी पाटी असते, ती तिरकी होऊन बसली होती. अक्कांनी डबी उघडून तळहातावर झटकली. हळदीची चिमूट पडली आणि तिच्यासोबत एक कुसरेळ्ळू. सरलाचा चेहरा पांढराफटक. "अक्का, मी बिघडवलं का हो सरकारी सामान?" म्हणून ती रडायच्या बेतात. अक्का उठल्या आणि त्यांनी सरलाला सगळ्यांसमोर मिठी मारली. मी त्यांना कुणाला मिठी मारताना त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी देवघरातला नारळ आणून तिच्या ओटीत घातला.

बायका गेल्यावर मला त्यांनी समजावून सांगितलं. कारखान्यातली वाळू चाळणीतून गाळलेली होती, एकाच जाडीची. ती पाटीच्या कडेनं निमूट खाली जात होती. खरी घाण चाळून येत नाही. तिच्यात मोठं, छोटं, चिकट, काटेरी सगळं असतं, आणि तेवढ्याच मापाचं काही भिंत आणि पाटी यांच्यामध्ये शिरलं, की संपलं. "मी माझ्याच वाळूवर खूश होते बघ," अक्का म्हणाल्या. त्या हसत होत्या आणि मला मात्र घाम फुटला होता, कारण त्या पुढे काय करणार ते मला दिसत होतं.

साचा कापून झालेला. पोलादाचा साचा नव्यानं करायचा म्हणजे महिन्यांचं काम. चाचणीची तारीख तोंडावर आणि अक्कांची निवृत्ती त्याच्या मागोमाग. डबी आत्ता गेली नाही तर त्यांच्या हयातीत ती जाईल याची खात्री नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी नमुने पाठवू नका म्हणून सांगितलं आणि संध्याकाळी हिरेमठसाहेब स्वतः मळमड्डीला आले. भला माणूस, पण त्या दिवशी तापला होता. मी चहा ठेवायला आत गेले, तर बाहेरून त्यांचा आवाज आला. "मेडम, युद्धदाग कुसरेळ्ळ यार तिंतार्री?" युद्धात कुसरेळ्ळू खातं कोण हो?

अक्का म्हणाल्या, "सर, जवानाच्या आईनं संक्रांतीचं पार्सल पाठवलं तर?"

मी चहा घेऊन गेले, तर साहेब खाली मान घालून बसले होते आणि त्यांच्या हातात डबी होती. सवयीनं अक्कांनी त्यांनाही दिली असणार. "म्हणजे ही चाचणी सोडायची?" त्यांनी विचारलं. "सोडायची," अक्का म्हणाल्या. साहेबांनी चहा प्याला, डबी टेबलावर ठेवली आणि जाताना दारात म्हणाले, "निवृत्त झालात तरी येत राहा. खुर्ची काढणार नाही मी." त्या रात्री मात्र अक्का अंगणात एकट्याच बसून राहिल्या. मी शेजारी जाऊन बसले. "चुकलं का गं माझं?" असं त्यांनी एकदाच विचारलं. मी म्हटलं, "चुकलं असतं तर तुम्ही जेवला असतात का दोन पोळ्या जास्त?" तेव्हा हसल्या.

निवृत्तीनंतरही त्यांची हुबळीची बस काही सुटली नाही. पाटीला लांब पाय आले, भिंतीला आतून पन्हळी आल्या, म्हणजे कचरा खाली उतरून जावा. आणि आमच्या घरी वर्षभर बिनासंक्रांतीचे कुसरेळ्ळू होत राहिले. ते करायला परातीपुढे घामाघूम होऊन कोण बसत होतं ते सांगायला नको. पुढच्या खेपेच्या चाचणीत डबी पास झाली. निरोप आला तेव्हा अक्का नळावर कपडे धुवत होत्या, ओल्या हातानंच मला धरून त्यांनी अंगणात गिरकी घेतली. माझी कंबर पुढे आठवडाभर धरली होती, तरी त्या गिरकीसाठी मी आणखी चार पराती कुसरेळ्ळू केले असते. आठवण म्हणून एक नमुना साहेबांनी सगळी कागदपत्रं करून अक्कांना कायमचा दिला.

फक्त एक गोष्ट त्यांना बोचायची. डब्याचं झाकण बिघडलं की बायका सांगत येतात. ही डबी कुठल्या तरी डोंगरात, वाळवंटात गेली होती. ती तिकडे कशी वागते, हे सांगणारं कुणी नव्हतं. टी.व्ही.वर जवान दिसले की अक्का बातमी ऐकायच्या नाहीत, पुढं वाकून बंदुकीखाली बघत बसायच्या.

गेल्या वर्षी सरलाच्या भाचीचा नवरा सुट्टीवर आला होता. निपाणीकडचा मुलगा, सैन्यात असलेला, बोलायला लाजाळू. सरला त्याला घेऊन आमच्याकडे आली. अक्कांची तब्येत तेव्हा उतरणीला लागली होती, पण त्यांनी नेम चुकवला नाही. "चहा होईपर्यंत एवढी डबी भरा." तो आमच्या यजमानांना सांगत होता, की बेळगावहून बस मिळाली नाही, मग वडापच्या जीपनं कसा आला, वाटेत टायर कसं पंक्चर झालं. आणि बोलता बोलता त्याचे हात चालत होते. त्यानं एकदाही खाली पाहिलं नाही. गोष्टीतलं टायर बदलून व्हायच्या आत डबी भरली होती. मग तिच्याकडे लक्ष गेलं तसा तो चमकला. "आज्जी, ही तुमच्याकडं कशी काय?" मी तोंड उघडणार, सरला तोंड उघडणार, तोच अक्कांनी डोळ्यांनी दोघींना गप्प केलं. "आमच्याकडे येणाऱ्या सगळ्यांना देतो आम्ही," त्या म्हणाल्या. तो हसला, चहा प्याला, पाया पडून गेला.

मी मग अक्कांवर बरसले. इतकी वर्षं जीव टाकलात, समोर आला होता, मग सांगायचं नाही? निदान तिकडे कशी चालते हे विचारायचं तरी?

"अगं, त्यानं बघितलं का तिच्याकडे?" अक्का म्हणाल्या. "बघावंच लागलं नाही त्याला. मग मी काय विचारू?" त्यांचे डोळे भरून आले होते. मग ते पुसून त्याच हातानं त्यांनी ती भरलेली डबी उचलली आणि पश्चिमेच्या खिडकीत, दुपारचं ऊन पडतं तिथं ठेवली. "ही रिकामी करायची नाही. सतत दाबाखाली ठेवलं की प्लास्टिकचे ओठ फाकतात म्हणे. बघायचंय मला. दहा वर्षं ठेवायची."

"दहा वर्षं?" मी म्हटलं. "अक्का, वय काय तुमचं?"

"मी कशाला हवी? तू आहेस की."

अक्का जाऊन आता दीड महिना झाला. परवा यजमान खिडकी पुसत होते, म्हणाले, "सुधा, ही डबी रिकामी करून कपाटात ठेवू का?" मी स्वयंपाकघरातून ओरडले, हात लावायचा नाही. मग चष्मा लावून जवळ जाऊन बघितलं. ओठ जागच्या जागी आहेत, केसभरही फाकलेले नाहीत. मला सत्तरावं लागलंय, गुडघे बोलतात, डॉक्टर म्हणतात फिरा, गोळ्या वेळेवर घ्या. घेते आहे. अजून नऊ वर्षं काढायची आहेत मला.