कोरगावचा वेलासुर

वेलासुर हे नाव मी ठेवलेलं. त्याचा चेहरा मात्र मी शेजाऱ्याचा घेतला, आणि रागाने घेतला.

डिचोलीहून एक छोटं साप्ताहिक निघायचं. त्याचे संपादक आमच्या लांबच्या नात्यातले. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी मला विचारलं, मुलांच्या पानासाठी दर आठवड्याला चित्रकथा लिहिशील का? मी तुयेला पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअर सांभाळते. लिहिण्याचा माझा अनुभव म्हणजे नोटीस बोर्डावरच्या सूचना. त्यांनी तो पुरेसा मानला.

"नायक कुणीही चालेल," ते म्हणाले, "खलनायक चांगला पाहिजे. मुलं त्याच्यासाठीच वाचतात."

चित्रकार शोधावा लागला नाही. आमच्या कारखान्यात छपाईच्या मशीनवर बेळगावकडचा एक ऑपरेटर होता. जेवणाच्या सुट्टीत तो वाया गेलेल्या पुठ्ठ्यांवर बॉलपेनने बैल, वाघ आणि सुपरवायझर काढायचा. तिन्ही ओळखू यायचे. मी त्याला कल्पना सांगितली : झाडांवर हुकूम चालवणारा राक्षस. तो बोलला की वेली उठतात आणि माणसांना बांधून टाकतात.

"चांगला की वाईट?" त्याने विचारलं.

"वाईट."

"झाडं त्याचं ऐकतात आणि वाईट कसा ओ ताई? आमच्या बाचं एक झाड ऐकत न्हाई."

तरी त्याने काढला. वेलासुराचा पहिला अवतार शास्त्रज्ञाचा होता : पांढरा डगला, चष्मा, हातात काचेची नळी. दोन अंक झाले. एकच पत्र आलं. साखळीच्या एका मुलाने विचारलं होतं की हा डॉक्टर कुठल्या दवाखान्यात बसतो.

त्याच दिवसांत माझं शेजारच्या म्हाताऱ्यांशी वाजलं. आम्ही त्यांना आबा म्हणतो. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा परदेशी बोटीवर. डोंगरावर त्यांची काजूची बाग, आणि घरामागे भाजीपाला. त्यांचा भोपळ्याचा वेल दरवर्षी मधला दगडांचा गडगा चढून आमच्या अंगणात उतरायचा. त्या वर्षी तो कपड्यांच्या दोरीवर चढला आणि माझ्या नव्या चादरीला हिरवे डाग पडले. मी गडग्याशी जाऊन बोलले. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वेलाक गडगो कळना नाय गे बाय."

त्या आठवड्यात हे वाक्य मी वेलासुराच्या तोंडी घातलं.

ऑपरेटर रविवारी कच्ची चित्रं घेऊन घरी आला, तेव्हा आबा गडग्यापलीकडे उभे होते. डोक्याला टॉवेल, अंगात बनियन, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, कमरेला कोयती. भुवया इतक्या दाट की त्यांच्याखाली डोळे असतील असं गृहीत धरावं लागायचं.

"ताई," तो हळूच म्हणाला, "ह्योच की ओ."

मला नको म्हणता आलं असतं. मी चहा टाकायला आत गेले.

दुसरा अवतार गावाने सकाळी साडेसातच्या आत ओळखला. मला बातमी पाव घेऊन आलेल्या पोदेराने दिली. त्याने सायकल उभी केली, हसला, गडग्याकडे बोट दाखवलं आणि पुढे गेला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा स्वतः दारात आले. हातात अंकाची चार घड्यांची घडी. मी दार उघडल्या उघडल्या बोलायला लागले, की चित्रकथा काल्पनिक असते, की कुणाशी साम्य वाटलं तर तो योगायोग.

आबांनी घडी उलगडून मेजावर ठेवली आणि एका चित्रावर बोट टेकवलं.

"ह्या काय?"

"काजूचं झाड."

"काजीची बी बोंडूच्या खाली लोंबता. तुमी वर काढल्यात. खंयच्या मुलखातली काज ही?"

मी पाहिलं. खरंच, पिकल्या बोंडूफळाच्या डोक्यावर बी टोपीसारखी बसवली होती. ऑपरेटरने काजू फक्त पाकिटात पाहिले होते आणि मी चित्र नजरेखालून घालायला हवं होतं.

"चुकलं," मी म्हणाले.

"पोरां वाचतत," आबा म्हणाले. "सुधारा." आणि गेले. चेहऱ्याबद्दल एक शब्द नाही.

पुढच्या रविवारी ते न बोलावता आले. त्याच्या पुढच्याही. ऑपरेटर चित्रं पसरायचा, आबा चष्मा लावून तपासायचे, मी मधे बसायचे. वेलासुराच्या कारस्थानांवर याचा परिणाम झाला. मी लिहिलं होतं की एका रात्रीत वेल पंचायतीची इमारत गिळतो. आबांनी विचारलं, कसला वेल? भोपळ्याचा असेल तर निदान दोन महिने. मग वेलासुराने दोन महिने वाट पाहिली. मधल्या अंकांत तो शेण आणायला जायचा, वेलाभोवती आळी करायचा, माश्या मारायचा. नायिका, जी एक शूर शाळकरी मुलगी होती, तिला तोवर काही काम नव्हतं. ती अभ्यास करायची.

पत्रं वाढली. केरीच्या एका मुलीने लिहिलं की आमच्या माडाचे नारळ लहान असतानाच गळतात, वेलासुराने काय करावं ते सांगावं. आबांनी उत्तर सांगितलं, ऑपरेटरने ते संवादाच्या फुग्यात बसवलं. वेलासुर नायिकेला झाडाला बांधता बांधता माडाला मीठ आणि राख किती घालायची ते समजावतो, असा तो भाग होता. संपादकांचा फोन आला. खलनायक कुठे गेला, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, आहे, पण सध्या हंगाम नाही.

एका रविवारी ऑपरेटरची कारखान्यात पाळी होती म्हणून तो आला नाही. आबा आणि मी दोघंच होतो. मला राहवलं नाही.

"आबा, तो चेहरा तुमचाच आहे. मी चादरीच्या रागात मुद्दाम तसा काढू दिला. माफ करा."

"माका म्हायत आसा," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी चष्मा काढून बनियनला पुसला.

"ही गेल्यापासून दुकानार जाताना माका कोण हाक मारी नाय गे. लोक बरे आसत, पण खंय थांबतले? आता शाळेकडसून गेलंय की पोरां आरडतत, वेलासुर इलो, वेलासुर इलो. मी असो हात वर केलंय, की सगळी धावतत." त्यांनी हात वर करून दाखवला. "बरां वाटता."

मी त्यांच्यासमोर बिस्किटं सरकवली. त्यांनी एक घेतलं आणि पुढच्या भागातला पालापाचोळा चुकीचा आहे म्हणाले.

तिसरा अवतार संपादकांनी आणला. पणजीतल्या कुणाकडून तो संगणकावर करून घेतला होता : फुगलेले दंड, पानांचं चिलखत, डोळ्यांतून हिरवा उजेड. आम्हाला अंक हातात पडल्यावर कळलं. ऑपरेटर त्या दिवशी जेवला नाही. आबांनी चित्र उजेडात धरून पाहिलं. "ह्याका कधी वाकूचा लागला नसतला," एवढंच म्हणाले. मी संपादकांना फोन करून सांगितलं की या माणसासाठी मला लिहिता येणार नाही. ते म्हणाले, ठीक. नवा वेलासुर दुसऱ्या कुणीतरी पुढे दोन महिने चालवला. त्याने शहरं उद्ध्वस्त केली. मग कागद परवडत नाही म्हणून मुलांचं पानच बंद झालं.

गावातल्या प्राथमिक शाळेला ते बंद झाल्याचं मान्य नव्हतं. बाई वार्षिक संमेलनासाठी वेलासुराचं नाटुकलं लिहून मागायला माझ्याकडे आल्या. वेलासुराची भूमिका एक सर करणार होते, पण मुलं म्हणाली, खरा आणा. बाई भीत भीत आबांकडे गेल्या. आबांनी फक्त विचारलं, बूट चालतील ना?

ऑपरेटरने दोऱ्या आणि पुठ्ठ्याच्या वेली केल्या. आबांनी त्या पाहिल्या, छान म्हटलं, आणि संमेलनाच्या दिवशी मळ्यातून खरा वेल खांद्यावर घालून आणला. चौथीतली एक मुलगी नायिका झाली होती. शेवटी तिने वेल कापायचा आणि वेलासुराने मरायचं, असं मी लिहिलं होतं. वेल खरा निघाल्यामुळे तिच्या हातात खरी कात्री द्यावी लागली. ती आवेशाने पुढे आली आणि मधोमध कापायला लागली.

"थांब," वेलासुर म्हणाला. "थंय नको. पेराच्या वर काप. मधी कापलंस तर कुसतलो."

वेल कुजेल म्हटल्यावर मुलगी थांबली. तिने पेर शोधलं, त्यांना दाखवलं. त्यांनी मान हलवली. तिने कापलं.

"आता बरां," ते म्हणाले. मग आपल्याला मरायचं आहे हे त्यांच्या लक्षात आलं. गुडघे दुखत असल्यामुळे ते टप्प्याटप्प्याने मेले : आधी एक हात जमिनीला, मग गुडघा, मग बसले, मग आडवे झाले. उठवायला दोघांना जावं लागलं. टाळ्या मात्र तोवर चालू होत्या. मी मागच्या रांगेत होते. माझ्या शेजारी ऑपरेटर उघड उघड रडत होता आणि धूळ आहे म्हणत होता.

वर्षभराने तो नोकरी सोडून गावी परतला आणि दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. मागच्या महिन्यात त्याने फोनवर फोटो पाठवला. त्यांच्या गावच्या खताच्या दुकानाची अख्खी भिंत, तिच्यावर वेलासुर : टॉवेल, बनियन, रबरी बूट, दाट भुवया, हातात मक्याची कणसं. हा चौथा अवतार. खाली दुकानाचं नाव कानडीत आणि मराठीत.

मी फोन गडग्यावरून आबांना दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला.

"थंयच्या लोकांका ह्यो कोण ता म्हायत आसा?"

"नसेल. कसं असणार?"

"मगे त्येका सांग, खाली लिव."

मी निरोप कळवला. दोन दिवसांनी दुसरा फोटो आला. वेलासुराच्या बुटांखाली पांढऱ्या रंगात, तिरक्या अक्षरांत ओळ होती : मूळ गाव कोरगाव, तालुका पेडणे.